चाळीस चिंध्यांची पेटी: रंग उत्तम, दशा नापास

हातशिलाईच्या कापडचित्रांसाठी लागणारं सगळं सामान एकाच पत्र्याच्या डब्यात घालून विकतात, तसली ही पेटी. पुण्यातल्या प्रदर्शनांतून अशा पेट्या मांडलेल्या असतात. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही. परीक्षण मालाचं आहे, आणि दुसऱ्या कुठल्या लेबलाची पेटी हातात आली तरी याच कसोट्या लावता येतील.

आत काय आहे ते आधी सांगतो. कापडाचे ४० तुकडे, एकूण ११० ग्रॅम. ३० सेंटिमीटर चौरस पायाचं कापड. चकचकीत भरतकामाच्या दोऱ्याच्या सहा लड्या, चार सुया, एक छोटी कात्री, गोंदाची कांडी आणि छापील नकाशा. डब्याचं झाकण उघडताच डोळा सुखावतो, यात वाद नाही. अंजिरी, मोरपंखी, हळदी, मधेच एखादा गुलबक्षी तुकडा. रंगांची निवड करणाऱ्या माणसाला नजर आहे. शिवणाऱ्या हाताला मात्र त्यानं काहीच विचारलेलं दिसत नाही.

या कामाची पद्धत अशी: आधी चित्र काढायचं नाही. पायाच्या कापडावर तुकडे मांडायचे, सरकवायचे, एकावर एक चढवायचे आणि जागा पटली की धावदोऱ्यानं बसवायचे. कडा आत दुमडायच्या नाहीत. गोधडीशी याचं नातं सख्ख्या बहिणीचं असलं तरी इथे दोघींची वाट वेगळी होते. गोधडीत ठिगळाची कड दुमडून शिवतात, कारण तिला अंगावर घेतात, तुडवतात, धोपटून धुतात. भिंतीवर लागणाऱ्या तुकड्याला ती सक्ती नाही. इथे कडेच्या दशा, म्हणजे कडेला सुटणारी सुतं, उघड्या ठेवतात आणि त्यांनीच रेघ ओढली जाते. पेन्सिलचं काम दशा करतात म्हणा ना. म्हणून तुकडा विकत घेताना पहिला प्रश्न रंगाचा नसून, याच्या दशा कशा निघतात, हा असायला हवा.

त्या प्रश्नावर पेटी पहिल्याच पायरीला अडखळते. चाळीसच्या चाळीस तुकडे झिगझॅग कात्रीनं कापलेले आहेत. झिगझॅग कात्री वापरतात ती कडेची सुतं निघू नयेत म्हणून. दातेरी कापामुळे प्रत्येक धागा तिरपा तुटतो आणि सलग दशी सुटत नाही. दशांच्या कामासाठी विकायचा माल दशा न निघतील अशा बेतानं कापायचा, याला काय म्हणावं! उपाय आहे, पण फुकट नाही. चारही बाजूंनी ६ ते ७ मिलिमीटर पट्टी सरळ धाग्यावर कापून टाकावी लागते. १२ सेंटिमीटरचा तुकडा त्यात पावणेअकराच्याही आत येतो, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा कापड केराच्या टोपलीत.

तुकडे ओढून, जाळून पाहिले. जाळण्याची परीक्षा सोपी आहे: कडेचे चार धागे चिमट्यात धरून काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळल्याचाच वास येतो आणि राख मऊ, करडी पडते. रेशमाला केस जळल्याचा वास. पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो. मिश्र सुतात दोन्हीच्या खुणा सापडतात, आधी ज्योत धरते आणि मग टोकाला खडा. ४० पैकी १४ तुकडे शुद्ध सुती निघाले, ८ खणाचे, ६ जरीचे आणि उरलेले १२ पॉलिस्टर किंवा मिश्र सुताचे. डब्यावर 'सुती व पारंपरिक कापडं' असं छापलेलं आहे.

पॉलिस्टर वाईट का? त्याच्या दशा निघतात, उलट जास्तच निघतात. अखंड गुळगुळीत धागा असल्यानं एक ओढला की शेजारचे चार बरोबर येतात आणि थांबतच नाहीत. सुती धाग्याला बारीक लव असते, ती शेजारच्या धाग्याला धरून ठेवते. म्हणून सुती दशी आपण थांबवू तिथे थांबते. शिवाय इस्त्रीनं पॉलिस्टरची दशी बसत नाही, ताठ उभी राहते आणि चित्राला दाढीचे खुंट आल्यासारखं दिसतं.

खणाचे ८ तुकडे हा या पेटीचा खरा ऐवज. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या, असा धूपछाव खण असेल तर एकाच तुकड्याला दोन रंगांच्या दशा मिळतात. आडव्या कडेचे आडवे धागे काढले की उभे धागे लोंबतात, तिथे उभ्याचा रंग दिसतो. उभ्या कडेला उलट. हिरवा-लाल खण घेतलात तर वर-खाली एक रंग आणि डावी-उजवीकडे दुसरा. तुकडा काटकोनात फिरवला की चित्राची रेघच बदलते. जीनच्या कापडात हाच हिशेब निळ्या-पांढऱ्याचा असतो: उभा धागा निळा, आडवा पांढरा. छापील कापडात मात्र घोटाळा होतो. वरवर छपाई झालेला धागा एकाच अंगानं रंगलेला असतो, त्यामुळे दशा फिकट, ठिपकेदार निघतात. ते हवं असेल तर झकास, पण गडद कड हवी असेल तर छापील तुकडा घेऊ नका. इकतमध्ये विणण्याआधीच सूत रंगवतात, त्यामुळे दशीतही रंग पूर्ण असतो.

जरीच्या सहा तुकड्यांबद्दल थोडक्यात: दिसायला भारी, दशा टोचऱ्या, इस्त्री मंद ठेवावी लागते. एका चित्रात एक पुरे.

आता पायाचं कापड. त्याच्या मागे फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं ताठ अस्तर, चिकटवलेलं आहे, बहुधा कापड सुरकुतू नये म्हणून. मशीनच्या शिलाईला ते चालतं. हातशिलाईत सुई प्रत्येक टाक्याला गोंदाच्या थरातून जाते, घासत, चिकटत. अर्ध्या तासात बोटाचं टोक हुळहुळायला लागतं. दुसरं म्हणजे धावदोऱ्यानं कापडाला ज्या बारीक लाटा पडतात, गोधडीवर हात फिरवल्यावर जो उंचसखलपणा लागतो, तो ताठ पायावर उमटतच नाही. चित्र पुठ्ठ्यासारखं सपाट राहतं.

त्याऐवजी मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, घ्या. रविवार पेठेत कापडगंजच्या बाजूला मीटरवर मिळतो. कोरा मांजरपाट खळीसकट येतो, तो तसाच वापरू नका. रात्रभर पाण्यात भिजवून, गरम पाण्यात साबणानं धुऊन, वाळवून मगच कापा. मीटरमागे पाच सेंटिमीटर तो सहज आटतो, आणि चित्र झाल्यावर आटला तर वरचे तुकडे फुगून येतात. त्याहून चांगला पाया म्हणजे घरातलं वापरून मऊ झालेलं धोतर किंवा सुती चादर, कारण तिचं आटायचं ते कधीच आटून झालेलं असतं. विरलेला भाग टाळा. कापड उजेडासमोर धरलं की विरलेली जागा जाळीसारखी दिसते, तिथे टाका धरत नाही. धोतराचं पोत पातळ असेल तर खाली मलमलचा एक थर घ्या. दोन थरांत लाटा छान पडतात, तिसरा घेतलात तर सुई ओढताना मनगट बोलायला लागतं. पाया ठरलेल्या मापापेक्षा चारही बाजूंनी ३ ते ४ सेंटिमीटर मोठा ठेवा. दाट शिलाईत २० सेंटिमीटरचं कापड एक सेंटिमीटरभर सहज आखडतं.

दोऱ्याच्या सहा लड्या कृत्रिम रेशमाच्या आहेत. फोटोत चमकतात, गाठीत घसरतात. कापडाची दशी मंद, लवदार आणि शेजारी दोरा आरशासारखा, ही जोडी जमत नाही. शिवाय असा दोरा सुईच्या नेढ्यापाशी लवकर पिंजतो. अँकर किंवा डीएमसीची साधी सहापदरी सुती लडी घ्या, ती ८ मीटरची असते. तुळशीबागेत आणि रविवार पेठेतल्या शिलाईच्या सामानाच्या दुकानांत सुट्या लड्या मिळतात. पदर सोडवून दोन-दोन पदरांनी शिवायचं. याहून सोयीचा म्हणजे पर्ल कॉटन, ८ नंबरचा गोळा. तो पीळदार एकसंध असतो, पदर सोडवायची कटकट नाही आणि टाका दाण्यासारखा उठून दिसतो. पर्लमध्ये नंबर वाढला की दोरा बारीक होतो: ५ जाड, ८ मध्यम, १२ बारीक.

लागतो किती? २० बाय २५ सेंटिमीटरचं चित्र आणि अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर ओळी धरल्या तर २० सेंटिमीटरच्या ५० ओळी, म्हणजे १० मीटर. टाक्याचं वर-खाली जाणं आणि टोकं धरून १२-१३ मीटर. सहापदरी लडी दोन पदरांनी वापरली तर ८ मीटरचे २४ होतात, म्हणजे एका चित्राला अर्धी लडी. ८ नंबर पर्लच्या १० ग्रॅमच्या गोळ्यात साधारण ८० मीटर दोरा असतो, त्यात सहा चित्रं होतात. पेटीतल्या सहा लड्या म्हणजे नुसती दिखाऊ श्रीमंती.

सुया चार, चारही एकाच मापाच्या आणि बोथट टोकाच्या. बोथट सुई जाळीच्या कापडावर मोजून भरायला असते. तीन थरांतून ती जात नाही, ढकलली की कापडाला भोक पाडते. भरतकामाच्या टोकदार सुयांचं मिश्र पाकीट घ्या. सुईचा नंबर वाढेल तशी ती बारीक होते. दोन पदरांना ७ किंवा ८ नंबर, तीन पदरांना ६, पर्ल ८ ला शेनिलची २४ नंबर, पर्ल ५ ला शेनिलची २२. शेनिल सुईचं नेढं लांब आणि टोक धारदार असतं. नेढं लहान पडलं की दोरा प्रत्येक टाक्याला घासून विरतो, मोठं झालं की कापडात राहिलेलं भोक दोऱ्यानं भरत नाही. सुई बरोबर आहे की नाही ते इथेच कळतं. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची टोपी, पेटीत नाही. असायला हवं होतं.

कात्री बरी आहे, दोरे तोडायला पुरते. गोंदाची कांडी मात्र डब्यातून लगेच बाहेर काढा. गोंद वाळला की त्या जागी सुई अडते, दशा एकमेकींना चिकटून झाडूसारख्या होतात आणि पावसाळ्यात खळ-गोंदाच्या वासानं कसर येते. तुकडे टाचण्यांनी मांडा आणि मग दोन-तीन सेंटिमीटरच्या लांब कच्च्या टाक्यांनी धरून ठेवा.

राहिला नकाशा. त्यावर मोर छापलाय, अंकांनुसार तुकडे लावायचे. 'उत्स्फूर्त हातशिलाई' असं लेबल लावून आत अंकांचा मोर द्यायचा, हे वाढदिवसाला गृहपाठ देण्यासारखं आहे. नकाशाची मागची बाजू कोरी आहे, ती मापं टिपायला वापरा. खरं म्हणजे छापायला हवी होती ती पुढची माहिती.

तुकडा शक्य तिथे कापू नका, फाडा. काठाला छोटी चीर देऊन दोन्ही हातांनी ओढलं की सुती कापड बरोबर धाग्यावर फाटतं आणि कड सरळ मिळते. फाडलेली कड वळते, तिच्यावर पाणी शिंपडून इस्त्री करा. फाडताना कापड तिरकं जायला लागलं तर थांबा. वीण तिरपी झालेली असते, तिथे एक धागा ओढून काढा आणि त्या रेघेवर कापा. उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, कापलेल्या कडेला दशा निघत नाहीत, फक्त बारीक लव सुटते, आणि कड ताणून लांबते. गोल आकार, डोंगराची कड, नदीचं वळण यांना उरेबच घ्या. सरळ झालरीची अपेक्षा तिच्याकडून करू नका. टी-शर्टचं होजिअरी कापड विणलेलं नसून गुंफलेलं असतं, त्याला दशाच नाहीत, ते नुसतं गुंडाळलं जातं.

दशा काढण्याआधी थांबा-टीप घाला. हे सगळ्यात जास्त चुकतं. बहुतेकजण आधी हौसेनं झालर काढतात आणि मग शिवायला बसतात. तोवर हाताळून आणखी दोन-चार धागे सुटलेले असतात, तुकडा वाकडा झालेला असतो. आधी तुकडा पायावर ठेवून कडेपासून १० मिलिमीटर आत ३-४ मिलिमीटरच्या टाक्यांची धावदोऱ्याची ओळ घाला. मग सुईच्या टोकानं बाहेरचे धागे एकेक काढा, ६ मिलिमीटरपर्यंत. टीप आणि दशा यांमध्ये ४ मिलिमीटर अखंड कापड राहिलं पाहिजे. मलमल किंवा सैल खादी असेल तर टिपेच्या आत आणखी एक ओळ. एक सेंटिमीटरहून लांब दशा सुंदर दिसतात, पण पहिल्या धुण्यात त्यांची लोकर होते.

कोपऱ्याचं गणित डोक्यात ठेवा. लगतच्या दोन्ही कडांच्या दशा काढल्या की कोपऱ्यातला चौकोन नाहीसाच होतो. तिथले उभे आणि आडवे दोन्ही धागे निघून गेलेले असतात. टोकदार कोपरा हवा असेल तर एकाच कडेला दशा ठेवा, किंवा कोपऱ्यावर एक फुली टाका घालून तिथपर्यंतच धागे काढा. म्हणूनच ४ सेंटिमीटरहून लहान तुकड्याला चारही बाजूंनी दशा काढण्यात अर्थ नाही, मधे फारसं कापड उरत नाही.

काढलेले धागे फेकू नका. जुन्या साड्यांच्या काठातून काढलेल्या धाग्यांनी बंगालात कांथा भरत. इथेही तो धागा कामाला येतो, फक्त जुना सुती धागा सुईत ओवून ओढला की तुटतो. तो कापडावर नागमोडी ठेवावा आणि वरून एका पदराच्या आडव्या टाक्यांनी, सेंटिमीटरभर अंतरावर, बांधून टाकावा.

मांडणीसाठी एकच युक्ती: तुकडे पसरून मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. सगळं एकाच करड्या रंगाचं दिसलं तर चित्र भिंतीवर मेलेलं दिसणार. रंग दहा असले तरी गडद, मध्यम आणि फिकट असे तीन थर वेगळे दिसायला हवेत. या पेटीत फिकट तुकडे फक्त पाच आहेत, ते अपुरे पडतात. जुन्या पांढऱ्या सदऱ्याचा पाठीचा भाग त्यात मिसळा. एका तुकड्यावर दुसरा चढवताना किमान एक सेंटिमीटर आत घ्या.

शिवताना मधून सुरुवात करून कडांकडे जा. दोऱ्याची लांबी हातभर, ४५ सेंटिमीटरच्या आसपास. त्याहून लांब घेतला की पीळ चढून गाठी पडतात. पीळ चढला तर सुई लोंबकळत सोडा, स्वतःच फिरून सरळ होते. कापड चुण्या पडून आखडलं तर दोष बहुधा हाताच्या ओढीचा असतो. ओळ संपली की शेवटचा टाका बांधण्याआधी अंगठ्याच्या नखानं ओळीवरून सरकत या, म्हणजे अडकलेला ताण मोकळा होतो. ओळी ५ मिलिमीटरवर घेतल्या तर गोधडीसारख्या लाटा, सेंटिमीटरवर घेतल्या तर सपाट पोत. एकाच चित्रात दोन्ही वापरलं तर जमीन आणि आभाळ आपोआप वेगळं होतं. भरतकामाची रिंग लावू नका. ताणलेल्या कापडात दोरा किती ओढला जातोय ते कळत नाही, आणि रिंगमधून काढलं की चुण्या उघड होतात.

रंगाची परीक्षा शिवण्याआधीच करा: ओलं पांढरं कापड तुकड्यावर ठेवून गरम इस्त्री दहा सेकंद दाबा. पेटीतल्या दोन लाल आणि एका काळ्या तुकड्यानं पांढऱ्यावर डाग उमटवला. मिठाच्या पाण्यात भिजवून कच्चा रंग पक्का होत नाही, कितीही जणांनी सांगितलं तरी. असे तुकडे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. तरीही रंग सुटत राहिला तर त्यांना फिकट तुकड्यांच्या शेजारी बसवू नका.

थोडक्यात पेटी कुणी घ्यावी? खणाचे तुकडे ज्यांना घरातून मिळणार नाहीत आणि निवडलेल्या रंगसंगतीवर ज्यांचा जीव आहे, त्यांनी, तेही तुकडे आणि कात्री सोडून बाकी सामान बदलायची तयारी असेल तर. इतरांना ब्लाऊज शिवणाऱ्या टेलरकडचं कातरण पुरतं. लगीनसराईत ते भरघोस असतं. पिशवी घेऊन जा, अस्तराचे तुकडे वेगळे मागा (ते बहुतेक सुती असतात) आणि दिवाळीआधीच्या पंधरवड्यात जाऊ नका, टेलरला श्वास घ्यायला फुरसत नसते. चांगली जुनी कात्री हवी असेल तर बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फेरी मारा. कापडाची चिंधी खिशात ठेवा आणि कात्रीच्या अगदी टोकानं ती कापून बघा. टोकाशी कापड चावलं तर खाली ठेवा.

त्या बारांपैकी शुद्ध पॉलिस्टरचे तुकडे टाकून देण्याची गरज नाही. बारीक कातरून पिनकुशनमध्ये ठासून भरा. कापूस पावसाळ्यात ओल धरतो आणि त्यात खोचलेल्या सुया गंजतात, पॉलिस्टर जवळजवळ ओल शोषत नाही.